औषधी आणि समाधी

२०२५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत एक संशोधन-निबंध प्रसिद्ध झाला. जॉन्स हॉपकिन्स आणि न्यूयॉर्क या दोन विद्यापीठांतील संशोधकांनी निरनिराळ्या धर्मांच्या उपदेशकांना सायलोसायबिन नावाचे द्रव्य वैद्यकीय देखरेखीखाली दिले. हे द्रव्य एका जातीच्या अळंबीत सापडते. द्रव्य घेणाऱ्यांत पाद्री होते, यहुदी रब्बी होते, एखाददुसरा बौद्ध आणि मुसलमान धर्मगुरूही होता. आयुष्यातील पाच गाढ आध्यात्मिक अनुभव निवडायचे झाले तर त्यात याला जागा द्यावी लागेल, असे त्यांच्यापैकी बहुतेकांनी सांगितले. ज्यांनी जन्मभर इतरांना प्रार्थना शिकवली, त्यांनी हे सांगावे ही गोष्ट साधी नव्हे.

ही बातमी एकटीदुकटी नाही. ऑरेगन राज्याने २०२० साली लोकांचा कौल घेऊन हे द्रव्य परवानाधारक केंद्रांतून देण्याची मुभा दिली आणि २०२३ पासून तशी केंद्रे उघडलीही. त्याच वर्षी जुलैत ऑस्ट्रेलियाने, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या रोग्यांसाठी ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना ते वापरू दिले. उलट ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामकांनी एमडीएमए या जवळच्या, पण वेगळ्या जातीच्या द्रव्याचा अर्ज मंजूर न करता आणखी एक मोठी चाचणी करण्यास सांगितले. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ही सारी द्रव्ये निषिद्ध असून शिक्षा कडक आहे. हे आधीच सांगून टाकतो, कुणा तरुण वाचकाचा गैरसमज नको.

आता प्रश्न असा निघतो की, एका दुपारी जे मिळते त्यासाठी वर्षानुवर्षे डोळे मिटून बसायचे कशाला? आणि जे मिळते ते तेच असते काय?

विषय वैद्यांचा किंवा योग्यांचा, त्यात गाणे शिकवणाऱ्याने का पडावे, असे कुणी म्हणेल. पण आमच्या धंद्याचा या प्रश्नाशी जुना घरोबा आहे. भांग घेतल्याखेरीज ज्यांचा सूर लागत नसे असे गवई मागच्या पिढ्यांत होते, आणि एका षड्जावर पहाटेचे दोन-दोन तास बसणारेही होते. पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकच असत. शिवाय आमच्या या शहराचा या विषयाशी एक थेट संबंध आहे, त्याकडे मी पुढे येतो.

प्रथम शास्त्राचे पाहू. योगाचा आणि औषधाचा काही संबंध नाही, अशी हल्ली समजूत आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतील कैवल्यपाद उघडावा. सिद्धी कोणकोणत्या मार्गांनी येतात हे पहिल्याच सूत्रात सांगितले आहे: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. औषधी दुसऱ्या क्रमांकावर आहे! भाष्यकाराला तिचा थोडा संकोच वाटला असावा, कारण तिचे उदाहरण देताना तो असुरांच्या घरच्या रसायनांकडे बोट दाखवतो. पण ती यादीतून काढून टाकावी असे त्यालाही वाटले नाही. खरा निवाडा येतो तो सहाव्या सूत्रात. या पाचांपैकी ध्यानातून घडलेले चित्त तेवढे मागे संस्कारांचा गाळ ठेवत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे औषधाने काही दिसते हे सूत्रकाराला मान्यच होते. दिसून गेल्यावर चित्तात काय उरते, इकडे त्याचे लक्ष होते. आजच्या वादात हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो याचे मला नवल वाटते.

पश्चिमेकडचा वाद आता ऐंशी वर्षांचा झाला. एप्रिल १९४३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाला स्वतः तयार केलेल्या एलएसडीचा प्रताप कळला. नंतर १९५८ साली सायलोसायबिनही त्यानेच वेगळे काढले. १९५३ मध्ये आल्डस हक्स्ले यांनी पेयोटे निवडुंगातले मेस्कलीन घेतले आणि पुढच्या वर्षी पुस्तक लिहून सांगितले की, संतांना जे दिसले त्याचे दार या वाटेनेही किलकिले होते. त्यावर ऑक्सफर्डचे पौर्वात्य धर्मांचे प्राध्यापक झेनर चिडले. चिडून ते नुसते लिहीत बसले नाहीत, त्यांनी स्वतः मेस्कलीन घेऊन पाहिले. त्यांना देव काही भेटला नाही, सगळे हास्यास्पद मात्र वाटू लागले. १९५७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा अनुभव प्रामाणिकपणे नोंदला. एकच द्रव्य, दोन विद्वान, आणि दोन तऱ्हा. द्रव्यात ज्ञान भरलेले असते तर असे घडते ना.

१९६२ च्या गुड फ्रायडेला बोस्टन विद्यापीठाच्या चॅपलमध्ये वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राचे वीस विद्यार्थी बसवले. दहांना सायलोसायबिन दिले आणि दहांना नुसता अंगात ऊब आणणारा एक निरुपद्रवी पदार्थ. ज्यांना खरे द्रव्य मिळाले त्यांच्यापैकी बहुतेकांनी एकत्वाचा, काळ थांबल्याचा अनुभव सांगितला. पाव शतकानंतर रिक डॉब्लिन यांनी त्यांतले बरेचजण शोधून काढले, तेव्हाही ते त्या दिवसाला खराच मानत होते. पण त्याच शोधात आणखी एक गोष्ट बाहेर आली. त्या दिवशी एकजण इतका बिथरला होता की त्याला शामक औषध टोचावे लागले होते, आणि मूळ अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता. आमच्याकडे अमुक बुवांची मैफल किती रंगली हे सगळे सांगतात, मधल्या तासात तंबोरेवाला का उठून गेला हे कुणी सांगत नाही. तसलाच हा प्रकार.

एवढे असूनही या क्षेत्रातील चांगल्या कामाला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. रोलंड ग्रिफिथ्स हे हॉपकिन्सचे संशोधक. चहा-कॉफीतल्या कॅफीनची सवय कशी लागते असल्या रुक्ष विषयात त्यांची हयात गेली होती. १९९० नंतरच्या वर्षांत ते ध्यानाला लागले ते सिद्धयोगाच्या पंथातून. हा पंथ स्वामी मुक्तानंदांनी मुंबईजवळच्या गणेशपुरीतून जगभर नेला. म्हणजे आज ज्याला अळंबीचे शास्त्र म्हणतात, त्याच्या पुनरुज्जीवनामागे आपल्या गणेशपुरीचा थोडा हात आहे असे म्हणावयास हरकत नाही. २००६ साली त्यांनी ३६ निरोगी माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. दोन महिन्यांनी विचारले तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी हा दिवस आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण पाच गोष्टींत बसवला. सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांना त्या बैठकीत तीव्र भीतीही वाटली होती. ग्रिफिथ्स यांनी ती झाकली नाही.

त्यांचा त्याहून मोलाचा प्रयोग २०१८ चा, पण तो वर्तमानपत्रांनी फारसा उचलला नाही. ध्यानाचा विशेष सराव नसलेल्या ७५ जणांचे पंचवीस-पंचवीसचे तीन गट केले. सगळ्यांना ध्यान, रोजनिशी आणि आत्मपरीक्षण हा नित्यक्रम लावून दिला. पहिल्या गटाला द्रव्य नाममात्र आणि मार्गदर्शन बेताचे. दुसऱ्याला द्रव्य भरपूर, मार्गदर्शन तितकेच. तिसऱ्याला द्रव्यही भरपूर आणि साधनेत मार्गदर्शनही भरपूर. सहा महिन्यांनी नाममात्र द्रव्यवाला गट सर्वांत मागे होता. ध्यानाचा अभिमान असणाऱ्या आपल्यासारख्यांना हे कडू लागेल, पण आहे ते असे आहे. मात्र सर्वांत पुढे होता तो तिसरा गट. जितके द्रव्य दुसऱ्याला तितकेच तिसऱ्याला, तरी ज्यांच्या पाठीशी रोज विचारणारा माणूस अधिक होता त्यांच्यात ते जास्त टिकले. स्वित्झर्लंडमध्ये २०१९ च्या एका प्रयोगात हेच उलट बाजूने पाहिले गेले. झेन पद्धतीच्या पाच दिवसांच्या मौनशिबिरात मुरलेल्या ३९ साधकांपैकी काहींना चौथ्या दिवशी सायलोसायबिन दिले. ज्यांना ते मिळाले त्यांचे ध्यान अधिक गाढ झाले आणि चार महिन्यांनंतरही वागणुकीत फरक आढळला. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचावेत.

मेंदूच्या चित्रांचेही हल्ली फार माजले आहे. स्वतःविषयीचे विचार चालू असताना मेंदूतील काही भाग एकमेकांशी गुजगोष्टी करतात. मुरलेल्या ध्यानी माणसांत ही गुजगोष्ट मंदावते असे येल विद्यापीठात २०११ साली दिसले, सायलोसायबिनमध्येही ती मंदावते असे लंडनमध्ये २०१२ साली दिसले. झाले, दोन्ही एकच म्हणून डांगोरा पिटला गेला. पण मैफलीत दोन श्रोते सारखेच गप्प बसलेले असतात. एकाला झोप लागलेली असते, दुसरा समेची वाट पाहत असतो. गप्प बसण्याचे चित्र काढले तर दोन्ही चित्रे सारखीच येतील.

आता आमच्या शहराकडे वळतो. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोदे संस्थानच्या नोकरीत होते हे येथील शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. त्यानंतरची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेची काँग्रेस उधळली आणि अरविंद बडोद्याला आले. त्यांचे धाकटे बंधू बारींद्र यांनी विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याशी त्यांची गाठ घालून दिली. सरदार मजुमदारांच्या वाड्याच्या माडीवर दोघे तीन दिवस बसले. लेले यांनी सांगितले ते एवढेच की, विचार तुझे नाहीत, ते बाहेरून येतात, नीट पाहा आणि आत शिरण्यापूर्वी परतवून लाव. अरविंदांनी तसे केले. पुढे त्यांनी स्वतः वारंवार सांगितले आहे की, त्या तीन दिवसांत मन जे निःशब्द झाले ते झालेच. जग पडद्यावरच्या पोकळ चित्रांसारखे दिसू लागले. गमतीची गोष्ट अशी की लेले भक्तिमार्गी होते, त्यांना शिष्यात असले काही घडवायचे नव्हते. फळ आले ते गुरूच्या अपेक्षेबाहेरचे.

अळंबीवाल्यांना 'तुम्हांला झटपट हवे' म्हणून हिणवणाऱ्यांनी हे तीन दिवस ध्यानात घ्यावेत. झटपट हा दोष असेल तर तो मजुमदारांच्या वाड्यातही घडला. फरक आहे तो त्या तीन दिवसांच्या अलीकडे आणि पलीकडे. अलीकडे अरविंदांचा तीन-चार वर्षांचा प्राणायाम होता. पलीकडे तर, मन कोरे झालेले असताना मुंबईच्या सभेत बोलायचे कसे, हा दुसऱ्याच आठवड्यातला प्रश्न उभा होता. लेले यांनी सांगितले, सभेला नमस्कार कर आणि थांब, बोलणे येईल. म्हणजे अनुभव हाती ठेवून ते निघून गेले नाहीत. तो घेऊन चारचौघांत उभे कसे राहायचे, हेही त्यांनी दाखवले. आणि ज्याला इतर कुणी शेवट मानला असता त्या शांततेला अरविंदांनी पाया मानले. १९५० साली देह ठेवीपर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे, ते त्यावर बांधकाम करीत राहिले.

माझ्या वडिलांना अगदी पोरवयात येथील दरबारच्या कलावंतांत जागा मिळाली होती, ती १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा गेली. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यांच्या ऐन उमेदीतल्या मैफली मी ऐकलेल्या नाहीत, गोष्टी मात्र पोटभर ऐकल्या. भांगेचा तोबरा भरून गाणाऱ्यांविषयी ते निंदेने बोलत नसत. कोमल रिषभ आज कुठे उभा आहे हे त्या माणसाला खरोखरच जास्त स्पष्ट दिसते, असे ते मान्य करीत. फक्त त्यांची एक पद्धत होती. रात्रीच्या गाण्याविषयी ते रात्री चकार शब्द बोलत नसत. सकाळी चहा झाल्यावर त्या गवयाला म्हणत, "बुवा, ती रात्रीची जागा पुन्हा घेऊन दाखवा बरं." कुणाला घेता येई, कुणाला येत नसे. कुणाला रात्री घेतली ती जागाच आठवत नसे!

हे आठवण्याचे कारण माझा एक विद्यार्थी. मुलगा इथल्याच मराठी घरातला, संगणकाच्या नोकरीनिमित्त ऑरेगनमधील पोर्टलंडला असतो आणि दर आठवड्याला व्हिडिओवरून माझ्याकडे शिकतो. इथे सकाळचे सात वाजतात तेव्हा तिथे आदल्या संध्याकाळचे साडेसहा असतात, त्यामुळे यमन शिकवायला सोयीचे पडते, माझी सकाळ बिघडली तरी त्याची वेळ साधते. त्याने एके दिवशी सांगितले, "गुरुजी, मी इथल्या एका केंद्रात जाऊन आलो. तंबोऱ्यातला गंधार मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसला. ऐकू आला म्हणत नाही, दिसला."

तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, जव्हारी नीट असेल तर, कुणी न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीच्या गंधाराहून तो किंचित उतरता असतो. पेटीवर वाढलेल्या मुलांच्या कानाला तो पहिली काही वर्षे सापडतच नाही, आणि सापडला तरी गळा पेटीच्याच जागी जातो. मी त्याला म्हटले, "दिसला ना? मग लाव." त्याने लावला. होता तिथेच होता, चढा.

पण फरक पडलाच नाही असे मी लिहिले तर ते खोटे होईल. पूर्वी स्वर जरा हलला की हा मुलगा थांबे, माफी मागे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. आता तो थांबेनासा झाला. चुकलेल्या स्वरावर उभा राहून तो ऐकू लागला. त्या जोरावर चारेक महिन्यांत गंधार खाली आला. द्रव्याने भीती घालवली, उरलेले काम आठवड्यागणिक झाले, असे मी त्याचे गणित मांडतो.

त्याला मी विचारले, त्या केंद्रातल्या माणसांनी पुढे काय केले? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदा विचारपूस झाली, तो म्हणाला. माझे बोट या जागेवर आहे. ऑरेगनच्या नियमांप्रमाणे तेथील मार्गदर्शकाला किमान १२० तासांचे शिक्षण आणि ४० तासांचा प्रत्यक्ष सराव पुरतो. एकशे साठ तासांत आमच्याकडे तबल्याचा ठेका नुसता सरळ होतो. आणि त्या मार्गदर्शकाने सोबत बसावे, वळण मात्र देऊ नये, असा दंडक आहे. दंडकामागचे कारण योग्यच आहे. त्या अवस्थेत माणूस मेणासारखा मऊ असतो, आणि अशा माणसावर हात टाकणारे निघाले आहेत. आपल्याकडेही गुरू या शब्दाच्या आडोशाने काय काय चालते हे वाचकांना सांगायला नको. तेव्हा त्या दुपारी वळण देऊ नये हे ठीक. पण नंतरच्या सहा महिन्यांत 'ती जागा पुन्हा घेऊन दाखवा' असे म्हणणारे कुणी असायला नको काय? ग्रिफिथ्स यांच्या तिसऱ्या गटाला ते मिळाले होते. बाजारात जे येत आहे त्यात तेच सर्वांत महागडे, म्हणून तेच आधी कापले जाईल अशी चिन्हे दिसतात. मार्गदर्शकाचा तास गोळीसारखा कारखान्यात निघत नाही.

जून २०२५ मध्ये एका औषध कंपनीने कृत्रिम सायलोसायबिनच्या मोठ्या चाचणीचा पहिला निकाल जाहीर केला. नैराश्य मोजण्याच्या साठ अंकांच्या पट्टीवर सहा आठवड्यांनी द्रव्य घेतलेल्यांत न घेतलेल्यांपेक्षा ३.६ अंकांची सुधारणा दिसली. सुधारणा खरी आहे, पण चमत्काराची नाही. शिवाय अशा चाचणीत आपल्याला खरे द्रव्य मिळाले की नाही हे रोग्याला अर्ध्या तासात कळतेच, त्यामुळे आशेचा वाटा किती आणि औषधाचा किती हे वेगळे काढणे कठीण जाते. ज्यांना दुसरे कोणतेच औषध लागू पडत नाही त्यांना ३.६ अंकही थोडे नाहीत, आणि त्यांच्या वाटेत समाधीची चर्चा आणून कुणी आडवे येऊ नये. रोग्याची गोष्ट वेगळी, जिज्ञासूची वेगळी.

हा भेद मेक्सिकोतल्या मारिया साबिना या बाईला चांगला कळत होता. वाहाका प्रांतातील डोंगरात ती रात्रभर मंत्र म्हणत अळंबी देई, ती आजाऱ्याला. १९५५ साली गॉर्डन वॅसन हे अमेरिकन बँकर तिच्याकडे गेले आणि १९५७ मध्ये त्यांचा लेख 'लाइफ' या साप्ताहिकात आला. मग परदेशी तरुणांची रीघ लागली. त्यांना काही झालेले नव्हते, त्यांना देव पाहायचा होता. गावात बेबनाव झाला, तिचे घर जाळले गेले. या परक्यांमुळे अळंबीची शक्ती गेली, असे तिने उतारवयात सांगितले. १९८५ साली ती गरिबीतच वारली.

ध्यानाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही फार ऐटीत राहू नये. दहा दिवसांचे मौन धरून घरी परतलेला माणूस झोप उडाल्याने, भीतीने, आपण आपण नाही अशा भासाने महिनेच्या महिने हैराण झाला, अशी उदाहरणे आहेत. ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ६० साधकांच्या मुलाखतींवरून अशा त्रासांची तपशीलवार नोंद केली. त्यांत नवखे होते तसे जुनेजाणतेही होते. आणि आज आपल्या शहरात मोबाइलवर दहा मिनिटांचे ध्यान करणारा माणूस त्या पोर्टलंडच्या केंद्रातील माणसाइतकाच एकटा आहे. त्याचे कुणी काही तपासत नाही. समोरचा आवाज मधुर असतो आणि प्रत्येकाला शाबासकी देतो. असला शिक्षक गाण्यात मिळाला असता तर आमच्या किती पिढ्या बेसूर झाल्या असत्या!

विद्यार्थ्याने परवा विचारले, पुन्हा जाऊ का? ते तुझ्या डॉक्टरांना विचार, मी म्हणालो. मला सांगण्यासारखे एवढेच आहे की गंधार आता खाली आला आहे, पण निषादावरून येताना तो अजून चुकतो. गुरुवारी तेवढेच घेऊन बसायचे आहे.